एल निनो, डायपोल आणि इतर हवामान-निर्देशांक एकाच रीतीने कसे काढावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पावसाची नोंद स्वतः ठेवणारे शेतकरी, महाविद्यालयांतील भूगोल व संख्याशास्त्राचे विद्यार्थी आणि पाणीवापर संस्थांचे कार्यकर्ते यांच्याकडून हवामान-निर्देशांकांविषयी जे प्रश्न पुनःपुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. निर्देशांक काय सांगतो यापेक्षा तो कसा काढतात यावर येथे अधिक भर आहे, कारण बहुतेक गोंधळाचे मूळ तेथेच असते.

हवामान-निर्देशांक म्हणजे नेमके काय?

महासागर आणि वातावरण यांच्यात हजारो किलोमीटर पसरलेली, काही आठवड्यांपासून काही दशकांपर्यंत चालणारी आंदोलने असतात. त्यांची स्थिती एका आकड्यात सांगण्यासाठी निर्देशांक काढतात. प्रशांत महासागरातील एल निनो आणि ला निना (विषुववृत्ताजवळचे मध्य व पूर्वेकडचे पाणी नेहमीपेक्षा तापणे आणि थंडावणे), हिंदी महासागरातील डायपोल (त्याच्या पश्चिम व पूर्व बाजूंच्या तापमानातील झोका), विषुववृत्ताभोवती पूर्वेकडे सरकत जाणारे मॅडेन-ज्युलियन आंदोलन ही त्यांतली आपल्या पावसाशी संबंध असणारी प्रमुख नावे होत. या कामाची सुरुवातच भारतात झाली, हे येथे नमूद करावेसे वाटते. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनच्या अंदाजासाठी जगभरच्या नोंदींचे सहसंबंध (दोन मालिका किती सोबतीने चढतात-उतरतात याचे माप) हाताने काढून घेत होते, आणि त्या आकडेमोडीतूनच त्यांना प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुदाबाचा तो झोका सापडला, ज्याला त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ म्हटले.

एका आकड्यात एवढा मोठा समुद्र बसवायचा तर बरेच काही गाळावे लागते. कोणता पट्टा घ्यायचा, कोणत्या काळाशी तुलना करायची, किती महिन्यांची सरासरी धरायची आणि शेवटी कशाने भागायचे, हे माणसाने ठरवलेले असते. म्हणून निर्देशांकाचा आकडा त्याच्या रीतीसकट वाचावा लागतो. रीत ठाऊक नसेल तर दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

एका संकेतस्थळावर मे महिन्याचा निनो ३.४ चा आकडा ०.६ दिसतो आणि दुसऱ्यावर ०.४. खरा कोणता?

बहुधा दोन्ही खरे असतात. निनो ३.४ हा प्रशांत महासागरातील पट्टा म्हणजे ५ अंश उत्तर ते ५ अंश दक्षिण अक्षांश आणि १७० ते १२० अंश पश्चिम रेखांश, याविषयी दुमत नाही. दुमत त्यापुढे सुरू होते. समजा, मे महिन्यात या पट्ट्याचे सरासरी समुद्रपृष्ठ तापमान २८.३ अंश सेल्सिअस आहे. ज्याने संदर्भासाठी जुनी तीस वर्षे घेतली त्याची मे महिन्याची सरासरी २७.७ निघाली असेल, ज्याने अलीकडची तीस वर्षे घेतली त्याची २७.९, मग विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा फरक, पहिल्याचे ०.६ आणि दुसऱ्याचे ०.४ येणारच. त्यात एकाचा आकडा एकट्या मे महिन्याचा आणि दुसऱ्याचा एप्रिल, मे, जून अशा तीन महिन्यांच्या चल (दर महिन्याला एक महिना पुढे सरकणाऱ्या) सरासरीचा असेल, तर फरक आणखी वाढतो. मूळ नोंदींचा संच वेगळा असणे हे तिसरे कारण. आकडा उतरवून घेण्याआधी या तीन गोष्टी तपासाव्यात. बहुतेक वेळा वाद तिथेच मिटतो.

संदर्भ कालखंड कोणता धरावा?

जागतिक हवामान संघटनेच्या रीतीप्रमाणे ‘सर्वसाधारण’ म्हणजे तीस वर्षांची सरासरी, आणि सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा काळ धरतात. दीर्घकालीन हवामानबदल मोजण्यासाठी मात्र १९६१ ते १९९० हा काळ स्थिर संदर्भ म्हणून कायम ठेवला आहे. दोन्हींचा उपयोग वेगळा आहे. यंदाची स्थिती आजच्या पिढीच्या अनुभवाशी ताडायची असेल तर अलीकडचा काळ योग्य. शंभर वर्षांची मालिका तयार करायची असेल तर एक काळ ठरवून तो शेवटपर्यंत बदलू नये.

संदर्भ बदलल्याने काय होते, याचे उदाहरण आपल्याच मान्सूनमध्ये आहे. जून ते सप्टेंबर या हंगामाची देशाची दीर्घकालीन सरासरी १९५१ ते २००० या काळावरून ८९ सेंटीमीटर होती. १९६१ ते २०१० वरून ती ८८ झाली आणि आता १९७१ ते २०२० वरून ८७ आहे. एखाद्या हंगामात ८४ सेंटीमीटर पाऊस झाला असे समजू. जुन्या सरासरीशी तो ९४.४ टक्के ठरतो, म्हणजे सर्वसाधारणपेक्षा कमी. नव्या सरासरीशी तो ९६.६ टक्के, म्हणजे ९६ ते १०४ टक्क्यांच्या सर्वसाधारण पट्ट्यात बसतो. पाऊस तेवढाच, शेरा वेगळा. १९८० च्या दशकातील टक्केवारी जुन्या अहवालातून आणि गेल्या वर्षीची टक्केवारी नव्या अहवालातून घेऊन एकाच आलेखावर मांडणे म्हणूनच चुकीचे आहे. दोन्ही वर्षांचा पाऊस मिलिमीटरमध्ये घ्यावा आणि टक्केवारी स्वतः, एकाच सरासरीवरून, काढावी.

आणखी एक सूचना. सरासरी प्रत्येक महिन्याची वेगळी काढायची असते. वर्षभराची एकच सरासरी वजा केली तर उरतो तो ऋतुचक्राचा चढउतार, आणि त्यालाच एल निनो समजण्याची गल्लत होते.

समुद्रच तापत चालला असेल तर दर काही वर्षांनी आपोआप एल निनोच दिसणार नाही का?

स्थिर संदर्भ धरला तर तसेच होईल, आणि या प्रश्नावर एकमत झालेले नाही. अमेरिकेच्या नोआ या महासागर व हवामान संस्थेने ओशनिक निनो इंडेक्ससाठी, म्हणजे निनो ३.४ च्या तीन महिन्यांच्या चल सरासरीच्या निर्देशांकासाठी, सरकता संदर्भ वापरला: तीस वर्षांचा काळ दर पाच वर्षांनी पुढे नेला जातो आणि प्रत्येक पाच वर्षांच्या गटाची तुलना त्याच्या आसपासच्या तीस वर्षांशी होते. त्यामुळे तापमानवाढीचा बराचसा भाग वजा होतो, पण अगदी अलीकडच्या वर्षांना पुढची पंधरा वर्षे उपलब्ध नसल्याने त्यांचा संदर्भ तात्पुरता राहतो आणि आकडे नंतर बदलतात.

दुसरा उपाय सापेक्ष निर्देशांकाचा. यात निनो ३.४ च्या विचलनातून २० अंश उत्तर ते २० अंश दक्षिण या संपूर्ण उष्ण कटिबंधातील समुद्राचे सरासरी विचलन वजा करतात आणि उरलेल्या मालिकेचा चढउतार मूळ मालिकेएवढा होईल अशा गुणकाने ती गुणतात. यामागे भौतिक कारणही आहे. उष्ण कटिबंधात ढग कोठे उभे राहतील हे एखाद्या जागेच्या निव्वळ तापमानापेक्षा ती जागा सभोवतालापेक्षा किती उबदार आहे यावर अधिक अवलंबून असते. माझ्या मते पावसाशी संबंध पाहणाऱ्याने सापेक्ष निर्देशांक वापरावा. सरळ रेषेचा कल काढून टाकणे हा तिसरा मार्ग सोपा आहे, पण तापमानवाढ सरळ रेषेत झालेली नसल्याने तो सर्वांत कच्चा आहे. शिवाय मालिकेत एक वर्ष वाढले की रेषा हलते आणि मागचे सगळे आकडे बदलतात.

एक देश एल निनो जाहीर करतो आणि त्याच महिन्यात दुसरा देश करत नाही, असे कसे?

कारण उंबरठा वेगळा आहे. नोआच्या व्याख्येत तीन महिन्यांच्या चल सरासरीचे विचलन सलग पाच एकमेकांवर चढलेल्या त्रैमासिकांत अधिक ०.५ अंश किंवा त्याहून जास्त असावे लागते. जपानचे हवामान खाते निनो ३ हा पूर्वेकडचा पट्टा, म्हणजे १५० ते ९० अंश पश्चिम रेखांश, घेते. त्याची पाच महिन्यांची चल सरासरी काढते आणि ती सलग सहा महिने ०.५ अंशाच्या वर असावी अशी अट घालते. ऑस्ट्रेलियाचे हवामान खाते दीर्घकाळ ०.८ अंशांचा उंबरठा धरत आले आहे. एल निनोच्या वर्षांची यादी करताना म्हणूनच ती कोणाच्या व्याख्येने केली हे लिहावे, आणि दोन याद्यांतील वर्षे सोयीप्रमाणे मिसळू नयेत. १९७२, १९८२, १९९७, २०१५ यांसारखी ठळक वर्षे कोणत्याही व्याख्येने यादीत येतात. भांडण असते ते काठावरच्या वर्षांवर, आणि दुर्दैवाने स्थानिक निष्कर्ष अनेकदा त्याच वर्षांवर उभे असतात.

दक्षिणी आंदोलनाचा निर्देशांक कोठे उणे ७ तर कोठे उणे ०.७ असा दिसतो. दशांश चिन्ह चुकले आहे का?

नाही. प्रशांत महासागरातील ताहिती बेट आणि ऑस्ट्रेलियातील डार्विन या दोन ठिकाणच्या समुद्रसपाटीवरील वायुदाबाच्या फरकावरून हा निर्देशांक काढतात. ऑस्ट्रेलियाच्या रीतीत त्या महिन्याच्या फरकातून त्याच महिन्याची दीर्घकालीन सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याच्या मापाने) भागतात आणि उत्तराला दहाने गुणतात. समजा, फरक १.२ हेक्टोपास्कल, सरासरी २.४ आणि प्रमाण विचलन १.६ आहे, तर उत्तर उणे ०.७५ आणि दहाने गुणल्यावर उणे ७.५ येते. नोआ दोन्ही ठिकाणचे दाब आधी वेगवेगळे प्रमाणित करते, म्हणजे प्रत्येकातून त्याची सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागते, मग वजाबाकी करते आणि त्या वजाबाकीला पुन्हा तिच्या प्रमाण विचलनाने भागते. दहाचा गुणक तेथे नाही. त्यामुळे दहाने भागले तरी दोन्ही मालिका तंतोतंत जुळत नाहीत. चिन्हाकडेही लक्ष द्यावे: तापमानाचा निर्देशांक धन असतो तेव्हा हा ऋण असतो, आणि दोन्ही एल निनोच दाखवतात.

हिंदी महासागरातील डायपोलचा निर्देशांक कसा काढतात?

१९९९ मध्ये साजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेली व्याख्या आजही रूढ आहे. पश्चिमेचा चौकोन ५० ते ७० अंश पूर्व रेखांश आणि १० अंश दक्षिण ते १० अंश उत्तर अक्षांश असा आहे. पूर्वेचा, सुमात्राजवळचा चौकोन ९० ते ११० अंश पूर्व रेखांश आणि १० अंश दक्षिण ते विषुववृत्त असा. पश्चिमेच्या विचलनातून पूर्वेचे विचलन वजा केले की निर्देशांक मिळतो. तो धन असेल तर अरबी समुद्राकडची बाजू तुलनेने उबदार आहे असा अर्थ होतो.

येथे एक खोच आहे. दोन चौकोनांची वजाबाकी असल्यामुळे तापमानवाढ आपोआप निघून जाते, असा समज असतो. दोन्हीकडे समुद्र सारख्याच वेगाने तापत असता तर तसे झाले असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे की पश्चिम हिंदी महासागराचे उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यातील (जून ते सप्टेंबरचे) तापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंशांनी वाढले, आणि ही वाढ इतर उष्णकटिबंधीय समुद्रांपेक्षा जास्त आहे. म्हणजे कल न काढता लांब मालिका घेतली तर डायपोल उत्तरोत्तर धन होत चालल्याचे दिसू शकते, आणि त्यातले आंदोलन किती व तापमानवाढ किती हे वेगळे करता येत नाही. तासगाव किंवा मिरज भागातील द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पावसाचा डायपोलशी संबंध विचारतात, तेव्हा उत्तराआधी हीच गोष्ट तपासावी लागते. कारण डायपोलचा जोरही साधारणपणे सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्येच असतो आणि संबंध सहज खरा वाटतो.

एल निनो असूनही १९९७ मध्ये दुष्काळ का पडला नाही?

त्या शतकातील सर्वांत प्रबळ एल निनोंपैकी एक असूनही १९९७ चा देशाचा मान्सून सरासरीच्या १०२ टक्के होता. उलट २००२ मध्ये एल निनो मध्यम होता आणि पाऊस ८१ टक्क्यांवर थांबला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सुलोचना गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण मांडले. विषुववृत्तीय हिंदी महासागरावरील ढगांचे आणि वाऱ्यांचे पूर्व-पश्चिम आंदोलन, ज्याला संक्षेपाने इक्विनू म्हणतात, १९९७ मध्ये मान्सूनला अनुकूल होते आणि २००२ मध्ये प्रतिकूल. त्याचा निर्देशांक ६० ते ९० अंश पूर्व रेखांश आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस अडीच अंश एवढ्या पट्ट्यातील पूर्व-पश्चिम वाऱ्याच्या विचलनावरून काढतात आणि त्याचे चिन्ह उलटे धरतात, म्हणजे धन आकडा मान्सूनला अनुकूल ठरतो. हे उलटे चिन्ह विसरून आलेख काढणारे दर वर्षी भेटतात.

मॅडेन-ज्युलियन आंदोलनाचे टप्पे पाहून साताऱ्यात पाऊस कधी येईल हे सांगता येते का?

थोडेफार, पण या निर्देशांकाची बांधणी लक्षात घेऊनच. २००४ मध्ये व्हीलर आणि हेंडन यांनी दिलेल्या रीतीत १५ अंश उत्तर ते १५ अंश दक्षिण या पट्ट्यातील तीन गोष्टींची अक्षांशीय सरासरी घेतात: बाहेर जाणारे दीर्घलहरी उत्सर्जन (अवकाशात जाणारी उष्णता, जिच्यावरून ढग ओळखतात), ८५० हेक्टोपास्कल पातळीवरील वारा आणि २०० हेक्टोपास्कल पातळीवरील वारा. त्यांतून ऋतुचक्र वजा करतात, मग मागच्या १२० दिवसांची सरासरी वजा करतात, म्हणजे एल निनोसारखे संथ चढउतार निघून जातात. उरलेल्या आकड्यांतून दोन प्रमुख घटक काढून त्यांची जागा आठ टप्प्यांच्या वर्तुळात दाखवतात. वर्तुळाच्या मध्यापासूनचे अंतर एकापेक्षा कमी असेल तर आंदोलन दुबळे समजतात आणि टप्प्याचा आकडा वाचू नये असे सांगतात.

सातारा सुमारे १७.७ अंश आणि सांगली १६.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. दोन्ही शहरे त्या पट्ट्याच्या बाहेर पडतात. शिवाय पावसाळ्यात हे आंदोलन केवळ पूर्वेकडे न जाता उत्तरेकडेही सरकते, आणि ती उत्तरेची चाल या निर्देशांकात नीट पकडली जात नाही. त्यासाठी १० अंश दक्षिण ते ४० अंश उत्तर एवढा पट्टा घेणारा, उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यासाठीचा वेगळा निर्देशांक आहे. जून ते सप्टेंबरसाठी तोच पाहावा.

ईओएफ पद्धतीने काढलेल्या निर्देशांकाचे चिन्ह आमच्याकडे उलटे का येते?

ईओएफ म्हणजे मोठ्या क्षेत्रातील सोबतीने होणारे चढउतार एका आकृतिबंधात आणि एका मालिकेत मांडणारी गणिती पद्धत. या पद्धतीत मिळणाऱ्या आकृतिबंधाला गणिताच्या दृष्टीने निश्चित चिन्ह नसते. आकृतिबंध आणि मालिका दोन्हींना उणे एकने गुणले तरी गुणाकार तोच राहतो, म्हणून संगणकाने कोणतेही चिन्ह दिले तरी ते चूक नसते. ते रूढीने ठरवावे लागते. पॅसिफिक डिकेडल ऑसिलेशन या उत्तर प्रशांतातील दशकांच्या आंदोलनात त्या समुद्राचा मध्यभाग थंड आणि अमेरिकेचा पश्चिम किनारा उबदार असेल तर धन, अशी रूढी आहे.

चिन्हापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे आकृतिबंध एकदा ठरवून गोठवणे. १९९७ मध्ये मँटुआ आणि सहकाऱ्यांनी हा निर्देशांक मांडला तेव्हा २० अंशांच्या उत्तरेकडील प्रशांताच्या तापमानातून जागतिक सरासरी समुद्रतापमान वजा करून १९०० ते १९९३ या काळावरून आकृतिबंध काढला होता. नवा महिना आला की त्याचे विचलन त्याच जुन्या आकृतिबंधावर प्रक्षेपित करायचे (म्हणजे ते त्याच्याशी किती जुळते ते मोजायचे) असते. दर महिन्याला सगळा हिशेब नव्याने केला तर १९५० चा आकडाही दर महिन्याला थोडा हलतो, आणि मागच्या वर्षी छापलेला तक्ता यंदाच्या तक्त्याशी जुळत नाही.

अक्षांशानुसार वजन देणे खरोखर आवश्यक आहे का?

ध्रुवाकडे जाताना रेखांश जवळ येतात आणि नोंदी ज्या अक्षांश-रेखांशांच्या जाळीवर मांडतात तिची प्रत्येक चौकट लहान होत जाते, म्हणून सरासरी काढताना चौकटीला अक्षांशाच्या कोसाइनएवढे वजन देतात. निनो ३.४ मध्ये फरक नगण्य आहे, कारण ५ अंशांवर कोसाइन ०.९९६ असतो. उत्तर प्रशांतात २० अंशांवर तो ०.९४ आणि ६० अंशांवर ०.५ होतो, तेथे वजन न देणे म्हणजे अलास्काजवळच्या पाण्याला दुप्पट मत देणे. ईओएफ करताना मात्र विचलनांना कोसाइनच्या वर्गमुळाने गुणावे, कारण पुढच्या गुणाकारात तो गुणक दोनदा येतो.

कोणता तापमान-संच वापरावा?

कोणताही मान्यताप्राप्त संच चालेल, पण मालिकेच्या मध्यात तो बदलू नये. नोआच्या ईआरएसएसटी या समुद्रपृष्ठ तापमानाच्या संचाची पाचवी आवृत्ती १८५४ पासून, दोन अंशांच्या जाळीवर आणि मासिक आहे. ब्रिटनचा हॅडआयएसएसटी १८७० पासून, एक अंशाच्या जाळीवर आहे. ओआयएसएसटी पाव अंशाच्या जाळीवर आणि दैनिक आहे, परंतु तो सप्टेंबर १९८१ पासूनच सुरू होतो, कारण त्याचा आधार उपग्रह आहेत. जुन्या नोंदींत बादलीने उपसलेल्या पाण्याचे तापमान आणि जहाजाच्या इंजिनाकडे ओढलेल्या पाण्याचे तापमान यांतील फरक दुरुस्त करावा लागतो, आणि प्रत्येक संचाने ती दुरुस्ती आपापल्या रीतीने केली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आकडे म्हणूनच जपून वापरावेत.

जाळीचा एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. ईआरएसएसटीच्या चौकटींचे मध्यबिंदू सम अंशांवर असतात. निनो ३.४ चे अक्षांश त्यात बरोबर बसतात, पण १७० आणि १२० अंश पश्चिम या दोन्ही कडांवरच्या चौकटी अर्ध्या आत आणि अर्ध्या बाहेर राहतात. त्या पूर्ण घ्यायच्या, सोडायच्या की अर्ध्या वजनाने घ्यायच्या, हे एकदा ठरवून लिहून ठेवावे. रेखांश कसे मोजले आहेत हेही पाहावे: ० ते ३६० पद्धतीत १७० पश्चिम म्हणजे १९० असतो, आणि त्या संचात उणे १७० मागितले तर हाती काहीच येत नाही.

संगणकीय हवामान-प्रारूपांतील निर्देशांकाची प्रत्यक्ष निरीक्षणांशी तुलना कशी करावी?

प्रारूपाचे विचलन प्रारूपाच्याच सरासरीपासून काढावे, निरीक्षणांच्या सरासरीपासून नव्हे. नाहीतर प्रारूपाचा कायमचा थंडपणा ला निना म्हणून मोजला जाईल. दोन्ही एकाच जाळीवर आणावेत, आणि ईओएफ असेल तर निरीक्षणांच्या आकृतिबंधावर प्रक्षेपण करावे. पूर्व प्रशांतातील थंड पाण्याची जीभ अनेक प्रारूपांत पश्चिमेकडे फार लांबते, म्हणून ठरलेला चौकोन प्रारूपातील एल निनोच्या मध्यावर पडेलच असे नाही. हे निष्कर्षात सांगावे. सीएमआयपी ६ या अनेक देशांच्या प्रारूपांच्या सामायिक प्रकल्पात भूतकाळासाठी चालवलेली प्रारूपे २०१४ मध्ये थांबतात. १९९१ ते २०२० हा संदर्भ हवा असल्यास पुढची सहा वर्षे भविष्यकाळाच्या एखाद्या परिदृश्यातून जोडावी लागतात, आणि कोणते परिदृश्य जोडले ते नोंदवावे लागते.

माण, खटाव, जत किंवा आटपाडीच्या पावसाचा या निर्देशांकांशी संबंध स्वतः कसा तपासावा?

आधी पावसाची मालिका एकसारखी आहे का ते पाहावे. पूर्वी तहसील कार्यालयातील एका पर्जन्यमापकावरून तालुक्याचा पाऊस धरत. पुढे मंडलनिहाय स्वयंचलित केंद्रे आली. दोन्ही काळ सरळ जोडले तर साधनांतील बदलच हवामानबदल म्हणून दिसू शकतो. दोन्ही साधनांच्या समान काळातील नोंदी ताडून मगच जोडावे. पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात आणि तो आकडा मागच्या चोवीस तासांचा असतो, हेही महिन्याच्या बेरजा करताना ध्यानात ठेवावे.

जिल्ह्याची एकच सरासरी घेऊ नये. महाबळेश्वरपासून माण तालुक्यातील दहिवडी शंभरेक किलोमीटरवर आहे, पण सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माणदेशात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. दोहोंची सरासरी काढली तर ती महाबळेश्वरचीच मालिका होते आणि माणचा पाऊस तीत दिसेनासा होतो. प्रत्येक केंद्राचा पाऊस आधी त्याच्या स्वतःच्या सरासरीने आणि प्रमाण विचलनाने प्रमाणित करावा, मगच एकत्र आणावा. हंगामही विचारपूर्वक निवडावा. पूर्वेकडच्या तालुक्यांत शाळूची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या, उत्तरा-हस्ताच्या पावसावर होते. तेथे जून ते सप्टेंबरची बेरीज घेऊन निर्देशांकाशी ताडले तर शेतकऱ्याला हवे असलेले उत्तर मिळत नाही.

मग सहसंबंध. चाळीस वर्षांची मालिका असेल तर ०.३१ पेक्षा कमी सहसंबंध पाच टक्क्यांच्या कसोटीवर टिकत नाही. वीस वर्षांत ही मर्यादा ०.४४ वर जाते. वीस निर्देशांक तपासले तर त्यांतला एखादा निव्वळ योगायोगाने कसोटीला उतरेल, म्हणून कोणता निर्देशांक तपासायचा हे आकडे पाहण्याआधी ठरवावे. पाच वर्षांची चल सरासरी काढून सहसंबंध वाढवणे हा तर फार प्रचलित दोष आहे: शेजारची वर्षे एकमेकांत मिसळल्याने मालिकेतील स्वतंत्र वर्षांची संख्या घटते, कसोटी मात्र जुन्याच संख्येवर लावली जाते. शिवाय संबंध काळानुसार बदलतो. १९९९ मध्ये कृष्ण कुमार आणि सहकाऱ्यांनी एल निनो आणि भारतीय मान्सून यांच्यातील संबंध अलीकडच्या दशकांत सैल झाल्याचे दाखवले होते. म्हणून मालिकेचे दोन भाग करून सहसंबंध वेगवेगळा काढून पाहावा.

अंदाजासाठी वापरायचे असेल तर आणखी एक अट येते. जून ते सप्टेंबरच्या पावसाशी जून ते सप्टेंबरचाच निर्देशांक ताडला, तर तो मे महिन्यात बी-बियाणे घेणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. मे अखेर जो आकडा हाती असतो तोच वापरावा. आणि मार्च ते मे या काळात केलेले एल निनोचे अंदाज सर्वांत कमी भरवशाचे असतात, हे त्यासोबत सांगावे.

२०१९ चा महापूर कोणत्या निर्देशांकात दिसतो?

थेट कोणत्याच नाही. त्या वर्षी जूनमध्ये देशात सरासरीच्या ६७ टक्केच पाऊस होता, ऑगस्टमध्ये ११५ आणि सप्टेंबरमध्ये १५२ टक्के; हंगाम ११० टक्क्यांवर संपला. वर्षाच्या सुरुवातीचा दुबळा एल निनो मावळत होता आणि धन डायपोल बळ धरत होता, जो शरद ऋतूत फारच प्रबळ झाला. ही पार्श्वभूमी खरी आहे. परंतु सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली ती ऑगस्टमधील काही दिवसांच्या सलग अतिवृष्टीने, आणि तीन महिन्यांची सरासरी काढणारा निर्देशांक आठवडाभराची घटना दाखवू शकत नाही. पुरासाठी पाणलोटातील पाऊस, धरणांतील साठा आणि विसर्ग हेच पाहावे लागतात.

तक्त्यात निर्देशांक उतरवून घेताना सोबत काय लिहावे?

एक नमुना देतो: ‘निनो ३.४, ईआरएसएसटी आवृत्ती ५, संदर्भ १९९१ ते २०२०, मासिक विचलन, चल सरासरी नाही, कल काढलेला नाही, कडांच्या चौकटी अर्ध्या वजनाने, अमुक तारखेला उतरवून घेतले.’ तारीख आवश्यक आहे, कारण ताज्या महिन्यांचे आकडे नंतर सुधारले जातात.

हे सर्व एक्सेलमध्ये करता येईल का?

तयार मालिकांवर काम करायचे असेल तर सहज करता येते. जाळीवरील मूळ तापमानापासून सुरुवात करायची असेल तर पायथन किंवा सीडीओ ही मोफत साधने वापरावीत. तयार मजकूर-फायलींत नसलेल्या महिन्यांच्या जागी बहुधा उणे ९९.९ किंवा उणे ९९९.९ असा आकडा भरलेला असतो. सरासरी काढण्यापूर्वी ते रकाने रिकामे करावेत.